डायलिसिसच्या द्रावणातील परिरक्षके

हिमोडायलिसिसच्या, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करण्याच्या, द्रावणात परिरक्षक, म्हणजे रोजच्या बोलण्यातले प्रिझर्व्हेटिव्ह, घातलेले नसते आणि घालूही नये. बाटलीबंद लोणच्यातले बेंझोएट पोटात गेले की यकृत त्याचे रूपांतर करते आणि ते लघवीवाटे निघून जाते. डायलिसिसच्या रुग्णाला ही सोय नाही. मिनिटाला ५०० मिली या वेगाने चार तासांत सुमारे १२० लिटर द्रावण त्याच्या रक्ताशेजारून वाहते. मध्ये असतो तो फक्त एक पातळ पडदा, आणि लहान रेणू तो दोन्ही बाजूंनी ओलांडतात.

मग द्रावण टिकते कसे? ते 'ए' आणि 'बी' अशा दोन भागांतून बनते. 'ए' कॅनमधले आम्लयुक्त मिश्रण इतके खारट असते की त्यात जंतू वाढत नाहीत. त्यातले थोडे ॲसिटिक किंवा सायट्रिक आम्ल अनेकांना परिरक्षक वाटते, पण ते कॅल्शियमचा साका बसू नये म्हणून असते. 'बी' भागातल्या बायकार्बोनेटमध्ये मात्र जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून ते ताजे बनवायचे आणि उरलेले ओतून द्यायचे. पोटाच्या डायलिसिसच्या पिशव्या सीलबंद करून उष्णतेने निर्जंतुक केलेल्या असतात.

धोका येतो तो आडवाटेने. अमेरिकेतील एका केंद्रात पाण्याच्या गाळणीत साठवणुकीसाठी भरलेले सोडियम अझाइड नीट धुतले गेले नाही आणि रुग्णांचा रक्तदाब एकाएकी कोसळला. डायलायझर, म्हणजे पडदा असलेली रक्ताची गाळणी, पुन्हा वापरताना ती निर्जंतुक करणाऱ्या फॉर्मॅलिन किंवा पेरॲसिटिक आम्लाचा अंश उरला आहे का, हे पट्टीने तपासावेच लागते. तिथे घाई अक्षम्य आहे.

कोल्हापुरात खरी काळजी पाण्याची. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी उपसा केंद्रांत शिरले आणि शहर टँकरवर आले. अशा दिवसांत पाण्यात क्लोरीन जास्त पडण्याची शक्यता असते. क्लोरीन आणि अमोनिया यांपासून बनणारे क्लोरामाइन आरओच्या पडद्यातूनही निसटते आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. ते अडवतो कार्बन टँक. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरकरांचा थोरला दवाखाना, असो की खासगी केंद्र, प्रत्येक पाळीआधी तंत्रज्ञाने कार्बन टँकनंतरचे पाणी नळीत घेऊन त्यात चाचणीची पूड टाकायची असते; क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होते. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलीग्रॅमच्या वर नको. गुलाबी छटा त्यापुढे गेली तर रुग्णाला मशीनला जोडायचे नाही, बाहेर कितीही गर्दी असली तरी.

रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपॅरिनच्या बहुमात्रा (अनेक डोसांच्या) कुपीत बेंझिल अल्कोहोल हे परिरक्षक असू शकते. प्रौढांना ते अल्प प्रमाणात सोसते. नवजात बाळासाठी परिरक्षकविरहित कुपीच घ्यावी.