नागपुरात पहिलं घर घेताय? प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याज अनुदानाची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

'सरकारी होम लोन' असं काही वेगळं कर्ज नसतं, हे आधी मनाशी पक्कं करा. कर्ज बँकच देते, व्याजही बँकेच्या दरानेच लागतं आणि तुमची फाइल तपासणारा अधिकारी इतर गिऱ्हाइकांच्या फायली तपासतो तशीच तुमचीही तपासतो. सरकार त्या कर्जाच्या एका भागावरच्या व्याजाचा थोडा भार उचलतं, एवढंच. ज्यांना हे उमगत नाही ते अनुदानाच्या आशेवर बयाणा देऊन बसतात आणि मग बँकेने फ्लॅटचे कागद परत केले की धावपळ सुरू होते.

सध्या जी योजना चालू आहे ती प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०. ती १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. तिचे चार भाग आहेत. स्वतःच्या जागेवर बांधकामासाठी मदत, भागीदारीतली परवडणारी घरं, भाड्याची घरं आणि चौथा भाग व्याज अनुदानाचा. बँकेचं कर्ज काढून घर घेणाऱ्याचा संबंध या चौथ्याशी. त्याला बँकेत 'आयएसएस', म्हणजे इंटरेस्ट सबसिडी स्कीम म्हणतात. कोणी तुम्हाला '२ लाख ६७ हजारांची सबसिडी' सांगत असेल तर तो जुन्या योजनेचं बोलतोय. ती सीएलएसएस, म्हणजे कर्जाशी जोडलेल्या अनुदानाची आधीची योजना, मध्यम उत्पन्न गटासाठी ३१ मार्च २०२१ ला आणि अल्प उत्पन्न व दुर्बल गटासाठी ३१ मार्च २०२२ ला बंद झाली.

नव्या योजनेत कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर, जास्तीत जास्त १२ वर्षांच्या मुदतीसाठी, ४ टक्के व्याज अनुदान मोजलं जातं. मिळणारी रक्कम जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, आणि तीही एकदम नाही. पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला ३६ हजार. २० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण १७,३५० रुपये बसतो. त्या हिशेबाने सरकारकडून वर्षाला दोन हप्त्यांहून जरासं जास्त मिळतं. बरं आहे, पण म्हणून फ्लॅट बदलावा इतकं नाही.

कोण बसतं, कोण नाही

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर आर्थिक दुर्बल गट, ३ ते ६ लाख अल्प उत्पन्न गट आणि ६ ते ९ लाख मध्यम उत्पन्न गट. ९ लाखांच्या वर गेलात की ही योजना तुमच्यासाठी नाही. उत्पन्न नवरा-बायको दोघांचं मिळून धरायचं. एकट्याचा पगार दाखवून दुसऱ्याचा लपवला तर कर्जपात्रता काढताना बँकेतच ते उघडं पडतं, कारण मोठं कर्ज हवं म्हणून तिथे तुम्ही दोघांचं उत्पन्न दाखवलेलं असतं.

घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत हवं. १२० चौरस मीटर म्हणजे जवळपास १,२९० चौरस फूट. बिल्डर सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून मोठं क्षेत्र सांगतो, म्हणून आकडा ऐकून घाबरू नका. करारनाम्यात लिहिलेलं चटई क्षेत्र पाहा. कर्ज १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतर मंजूर होऊन उचललेलं असावं. घर नवंच हवं असं नाही, जुनं विकत घेतलेलंही चालतं.

खरी गाठ बसते ती 'पक्कं घर नसावं' या अटीपाशी. अर्जदाराच्या किंवा त्याच्या कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर असता कामा नये. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं-मुली. नागपुरात नोकरीला आलेल्या निम्म्या लोकांचं काटोल, उमरेड, भिवापूर, नाहीतर वर्धा-भंडाऱ्याकडे गावात घर असतं. ते वडिलांच्या नावावर असेल आणि तुमचं लग्न झालेलं असेल तर तुमचं कुटुंब वेगळं धरलं जातं. पण वडील गेल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये (घरांच्या नोंदीच्या उताऱ्यात) भावांसोबत तुमचंही नाव चढलेलं असेल तर अर्जाआधी तो उतारा काढून पाहा. अविवाहितांनी जास्त जपून राहावं, कारण नियमाने ते आईवडिलांच्याच कुटुंबात मोडतात. शिवाय मागच्या २० वर्षांत केंद्राच्या, राज्याच्या किंवा स्थानिक संस्थेच्या घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा.

घर कुटुंबातल्या सज्ञान स्त्रीच्या नावावर किंवा तिच्यासोबत संयुक्त नावावर हवं. घरात सज्ञान स्त्रीच नसेल तर पुरुषाच्या एकट्याच्या नावावर चालतं. इथे आणखी एक फायदा आहे. राहतं घर फक्त स्त्रीच्या नावाने खरेदी केलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. संयुक्त नावावर ती सूट नाही. विक्रीपत्राचा मसुदा वकिलाकडे जाण्याआधीच हे घरात ठरवून टाका.

म्हाडाच्या नागपूर मंडळाची सोडत हा निराळा मार्ग आहे. तिथले उत्पन्न गट आणि अटी वेगळ्या असतात, दोन्हींची सरमिसळ करू नका.

घराचे कागद: नागपुरात फाइल इथेच अडते

तुम्ही पात्र असाल, पगार चांगला असेल, सिबिल स्कोअर स्वच्छ असेल, तरी प्लॉटचे कागद नीट नसले तर बँक कर्ज देत नाही. कर्ज नाही तर अनुदानाचा प्रश्नच नाही. म्हणून अर्जावर जेवढा वेळ घालवाल त्याच्या दुप्पट इथे घाला.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: नकाशा कोणी मंजूर केला? महापालिकेने, नासुप्रने (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएने (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण)? शहराच्या कडेला ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभी राहिलेली बांधकामं खूप आहेत. हुडकेश्वर, नरसाळा आता महापालिकेत आले, बेसा-पिपळ्याला नगरपंचायत झाली, पण त्याआधी बांधलेल्या घरांचे कागद त्या काळचेच राहिले. विकणारा 'टॅक्स पावती आहे ना' म्हणतो. टॅक्स पावती म्हणजे मंजुरी नव्हे.

दुसरा कागद आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र. गुंठेवारी कायदा २००१ चा. शहरातले शेकडो लेआउट अनधिकृत होते, त्यातले प्लॉट विकास शुल्क भरून घेऊन नियमित केले गेले आणि प्रत्येक प्लॉटधारकाला नियमितीकरणाचं पत्र मिळालं. हे पत्र हातात आलं की एकेक ओळ वाचा: मौजा कोणता, खसरा (जमिनीचा भूमापन) क्रमांक किती, पटवारी हलका (तलाठ्याचा साझा) क्रमांक, सोसायटीचं नाव, प्लॉट क्रमांक, क्षेत्रफळ. मग हेच सगळं विक्रीपत्राशी ताडून पाहा. प्लॉट क्रमांकात '४२' आणि '४२अ' असा फरक असला किंवा विक्रीपत्रात १,५०० चौरस फूट आणि आरएलमध्ये त्याहून कमी क्षेत्र निघालं, तर बँकेचा पॅनलवरचा वकील फाइल तिथेच थांबवतो. नुसती डिमांड नोट (शुल्क भरायची सूचना) दाखवून कोणी 'आरएल झालीच समजा' म्हणत असेल तर पैसे भरल्याची पावती आणि मूळ पत्र, दोन्ही मागा.

जुन्या वस्त्यांत नझूलचा (शहरातल्या सरकारी जमिनीचा) भाडेपट्टा किंवा नासुप्रचा लीजचा प्लॉट निघतो. पट्ट्याची मुदत शिल्लक आहे का, नूतनीकरण झालं का, आणि हस्तांतरणाला ना-हरकत लागते का, हे बयाण्याआधीच पाहावं. लेआउटच्या प्लॉटला अकृषक आदेश हवा. नगर भूमापन झालेल्या भागात आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), नाहीतर सातबारा, आणि त्यावर विकणाऱ्याचंच नाव असलं पाहिजे.

अपार्टमेंटमधला फ्लॅट असेल तर डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारत अपार्टमेंट म्हणून जाहीर करणारा दस्त) नोंदवलेलं आहे का आणि तुमच्या फ्लॅटच्या वाट्याला जमिनीचा किती अविभक्त हिस्सा येतो, ते बघा. तयार इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाला महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा क्रमांक. जुन्या नोंदणीत नागपूर जिल्ह्याचे क्रमांक 'पी ५०५' ने सुरू होत. मात्र आपल्याकडे एका प्लॉटवर सहा-आठ फ्लॅटच्या छोट्या स्कीम फार असतात. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठाहून जास्त नसतील तर अशा स्कीमला रेरा नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नाही म्हणजे फसवणूक असं नव्हे, पण मग सगळी पारख तुम्हालाच करायची आहे. रेरा लागू असलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

टोकन देण्याआधी या सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोज्याच्या जुन्या नोंदींची तपासणी) काढा. विकणारा झेरॉक्स द्यायलाच कां-कूं करत असेल तर दुसरं घर पाहा, नागपुरात घरांची टंचाई नाही.

अर्ज

हा भाग त्यामानाने सोपा आहे. केंद्राच्या पीएमएवाय अर्बन संकेतस्थळावर २.० साठीचा अर्ज उघडायचा. आधी पात्रतेचे प्रश्न येतात: राज्य, उत्पन्न, कोणता घटक हवा, पक्कं घर आहे का, २० वर्षांत लाभ घेतला का. घटकात व्याज अनुदानच निवडा. चुकून बांधकामाचा घटक निवडला तर अर्ज वेगळ्याच वाटेला जातो. मग आधार क्रमांक आणि मोबाइलवरचा ओटीपी. अर्ज स्वतः भरता येतो. 'फाइल पास करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे द्यायची काही गरज नाही. सबमिट झाल्यावर मिळणारा अर्ज क्रमांक जपून ठेवा, बँक तोच मागते.

पोर्टलसाठी अर्जदाराचं आणि कुटुंबातल्या सगळ्यांचं आधार, आधारशी जोडलेलं चालू बँक खातं, उत्पन्नाचा पुरावा आणि लागू असेल तर जातीचा दाखला लागतो. नोकरदाराला फॉर्म १६ किंवा विवरणपत्र पुरतं. दुकान, ऑटो, मेस, शिवणकाम असा व्यवसाय असेल आणि विवरणपत्र भरत नसाल तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढावा लागेल. तो आपले सरकार सेवा केंद्रातून मिळतो. बँकेला याशिवाय पॅन, पगाराच्या पावत्या, खात्याचं स्टेटमेंट, पक्कं घर नसल्याचं हमीपत्र आणि वर सांगितलेले घराचे सगळे कागद द्यावे लागतात.

नावं जुळवायचं काम आधी उरका. आधारवर 'सुनंदाबाई', पॅनवर 'सुनंदा' आणि पासबुकात माहेरचं आडनाव, असं तीन ठिकाणी तीन तऱ्हेने असलं की पडताळणी पुढे सरकत नाही. दुरुस्तीला वेळ लागतो आणि विकणारा तोवर थांबत नाही.

बँकेत शिरल्यावर पहिला प्रश्न: 'आयएसएससाठी तुमच्या संस्थेचा करार झालाय का?' कारण अनुदानाचा दावा तुम्ही करत नाही, कर्ज देणारी संस्था मध्यवर्ती नोडल संस्थेकडे, म्हणजे सरकारच्या वतीने अनुदान वाटणाऱ्या संस्थेकडे करते. राष्ट्रीय आवास बँक अशीच एक नोडल संस्था. तुमच्या संस्थेचा करारच नसेल तर तुम्ही कितीही पात्र असलात तरी अनुदान येणार नाही. मंजुरीपत्रावर योजनेचा उल्लेख करून मागा आणि मगच सही करा.

हातचे पैसे किती लागतील

३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पण १० लाखांहून महाग घराच्या बाबतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत, ती खिशातूनच. समजा फ्लॅट २८ लाखांचा आहे. योजनेच्या मर्यादेने कर्ज २५ लाख, म्हणजे ३ लाख तुमचे. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. इथे २८ हजार. मुद्रांक शुल्क मूळ ५ टक्के आणि त्यावर शहराचे स्थानिक अधिभार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी: ४५ लाखांपर्यंत किंमत आणि नागपूरसारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या घराला १ टक्का, इतर घरांना ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं घर घेतलं तर जीएसटी नाही. वकील, व्हॅल्युएशन, वीज मीटर वेगळे.

खर्च वाचवायला विक्रीपत्रात किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम रोखीत द्या, असं सुचवणारे भेटतील. कर्जाची टक्केवारी त्या कमी किमतीवरच निघते, म्हणजे हातचे पैसे आणखी लागतात. शिवाय पुढे घर विकताना तोच कमी आकडा तुमची खरेदी किंमत म्हणून धरला जाईल आणि नफ्यावरचा कर वाढेल.

मिळायला लागल्यावर

अनुदानाचे पाचही हप्ते आपोआप येत नाहीत. प्रत्येक वेळी कर्जखातं चालू असावं लागतं आणि मुद्दलाच्या ५० टक्क्यांहून जास्त बाकी असावी लागते. २० वर्षांच्या कर्जात पाच वर्षं नियमित हप्ते भरूनही बहुतेक मुद्दल बाकीच असतं, काळजी नको. साडेआठ टक्क्यांच्या १० वर्षांच्या कर्जातही पाच वर्षांनी साधारण ६० टक्के बाकी राहते. पण ७ वर्षांच्या कर्जात पाच वर्षं होईस्तोवर ती निम्म्याखाली जाते आणि शेवटचे ३६ हजार हातचे जातात. वडिलांच्या पीएफचे पैसे आले म्हणून तिसऱ्या वर्षी एकदम मोठी रक्कम भरायची असेल तर आधी हिशेब करा. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड नाही, त्यामुळे थांबल्याने नुकसान होतं ते फक्त व्याजाचं. अनेकदा ते व्याज ३६ हजारांहून जास्त भरतं, आणि मग अनुदान सोडून देणंच शहाणपणाचं.

कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं असेल तर उरलेल्या अनुदानाचं काय होणार हे लेखी विचारून घ्या. दरवर्षी कर्जखात्याचं स्टेटमेंट काढून अनुदानाची नोंद दिसते का ते पाहा. दिसली नाही तर अर्ज क्रमांक आणि मंजुरीपत्राची प्रत जोडून शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.