ड्रायव्हिंग टेस्टमधून सूट : फॉर्म ५ नव्हे, ५बी

‘आमच्याकडे शिका, आरटीओची टेस्टच नाही’ असं कुणी म्हणालं, तर पैसे भरण्याआधी एवढंच विचारा : शेवटी कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र म्हणून फॉर्म ५ देणार की ५बी?

फॉर्म ५ कोपऱ्यावरचं कुठलंही मोटार ड्रायव्हिंग स्कूल देतं, पण त्यावर टेस्ट माफ होत नाही. सूट मिळते ती ५बीवर, आणि तो फक्त मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रच देऊ शकतं. या केंद्रांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. सपाट भागात किमान दोन एकर जागा, स्वतःचा ट्रॅक, सिम्युलेटर, बायोमेट्रिक हजेरी, एवढं सगळं लागतं. मान्यता पाच वर्षांचीच असते, तेव्हा भिंतीवरच्या प्रमाणपत्राची तारीख बघून घ्या.

कारचा कोर्स २९ तासांचा, जास्तीत जास्त चार आठवड्यांत संपणारा. आठ तास वर्गात : वाहतुकीचे नियम, प्रथमोपचार, अपघात का होतात, रस्त्यावर डोकं कसं शांत ठेवायचं. उरलेले २१ तास स्टिअरिंगवर. साध्या स्कूलला दहाच तास सक्तीचे आहेत. त्यातले सिग्नलला उभं राहण्यात किती जातात, ते शिकलेल्यांना विचारा.

लर्निंग लायसन्स मात्र आधी हवंच. वय १८ पूर्ण. सरकारच्या ‘सारथी’ पोर्टलवर आधार ओटीपीने अर्ज घरूनच होतो. परीक्षेत १५ पैकी ९ उत्तरं बरोबर आली की पास. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठी ३० दिवस थांबावं लागतं, म्हणजे लगेच कोर्स लावला तर महिना बरोबर जुळतो.

कागदपत्रं : जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, फॉर्म १ मधलं तब्येतीचं स्वयंघोषणापत्र. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १ए. अडतं ते नावावर. आधारवर ‘सुनिता’ आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘सुनीता’ असेल तर ते आधी दुरुस्त करा.

ट्रक-बससाठी वय २०, कारचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं आणि कोर्स ३८ तासांचा. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली, तरी एजंट अजून मार्कशीट मागतात.

जवळ असं केंद्र नसेल तर नेहमीसारखी टेस्ट द्यायची. पुण्यात कारची टेस्ट भोसरीच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरता उचलायचा सराव करून जा. नापास झालात तर किमान सात दिवसांनी पुन्हा अपॉइंटमेंट, आणि टेस्टची फीही पुन्हा.