गजऱ्यात मोगरा आहे की कागडा? लग्नाच्या फुलांचं बजेट इथेच चुकतं

डिसेंबरात माझ्या चुलतबहिणीचं लग्न झालं, कुडाळला, आणि फुलांचं खातं माझ्याकडे आलं कारण घरात चार ठिकाणी फोन करून भाव विचारायचा कंटाळा न येणारी मी एकटीच. एक डेकोरेटर म्हणाला पूर्ण स्टेजला मोगरा लावून देतो ताई, भाव बराच जास्त होता, पण मोगरा म्हटल्यावर जास्त असणारच ना, म्हणून ॲडव्हान्स देऊन मोकळी झाले. मुहूर्ताच्या तासभर आधी आत्या मांडवात शिरली, एका माळेला नाक लावलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर, "गो, ह्येका वास खंय हा? ह्यो मोगरो न्हय, कागडो!" डेकोरेटर म्हणे थंडीत वास कमीच येतो. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो उरलेला वेळ जनरेटरपाशीच उभा होता.

तर तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, कारण मोगरा आणि कागडा यातला फरक माहीत नसल्यामुळे फुलांचे पैसे जेवढे वाया जातात तेवढे दुसऱ्या कशाने जात नसतील. आणि आधीच सांगते, कागडा वाईट फूल अजिबात नाही. मी तर म्हणेन की कमी पैशात लग्न करायचं असेल तर तुमचं मुख्य फूल कागडाच असायला हवं, फक्त तो कागडा म्हणून घ्या, कागड्याच्या भावात घ्या आणि त्याची जागा ओळखून लावा.

दोघं एकाच घरातले, म्हणजे जाई, जुई, सायली ही सगळी फुलं ज्या जॅस्मिनम प्रजातीतली आहेत ना त्यातलेच. मोगरा म्हणजे जॅस्मिनम सॅम्बॅक, हेच फिलिपिन्सचं राष्ट्रीय फूल आहे १९३४ पासून, तिकडे त्याला साम्पागिता म्हणतात. कागडा म्हणजे जॅस्मिनम मल्टिफ्लोरम, काही ठिकाणी काकडा म्हणतात, आणि सुंदर दातांना ज्याच्या कळ्यांची उपमा द्यायचे तो जुना कुंद म्हणजे पण हाच. दात म्हटल्यावर लक्षात आलं असेल की कळी लांबट, निमुळती आणि टोकदार असणार. मोगऱ्याची कळी तशी नसते, ती गुबगुबीत, गोलसर, टपोऱ्या मोत्यासारखी, निदान आपल्याकडचा बटमोगरा तरी असाच.

इथे एक घोळ आहे. मोगऱ्यातच मदनबाण म्हणून एक प्रकार येतो त्याची कळी लांब आणि टोकदार असते, त्यामुळे लांब कळी दिसली की लगेच फुलवालीवर ओरडू नका, मी एकदा ओरडले आणि मग सॉरी म्हणून दोन गजरे जास्तीचे घ्यावे लागले. मदनबाणाला वास भरपूर असतो. म्हणजे शेवटी परीक्षा नाकानेच करायची, आणि ती पण गजरा नुसता वरून हुंगून नाही, कारण काही जण वासाचं पाणी मारतात, काही जण पुढच्या बाजूला मोगरा आणि मधे कागडा ओवतात. मधली एक उमलू लागलेली कळी ओढून काढा, बोटांत चुरडा आणि मग वास घ्या. मोगरा असेल तर चुरडलेल्या कळीचा वास बोटांना राहतो, कागड्याला अगदी पुसट, नसल्यातच जमा. उमललेलं फूल मिळालं तर आणखी सोपं आहे, कागड्याच्या पाकळ्या अरुंद आणि टोकदार, चांदणीसारख्या पसरलेल्या, मोगऱ्याच्या रुंद आणि टोकाला गोल, आणि डबल मोगरा असेल तर पाकळ्यांवर पाकळ्या. झाड बघायला मिळालं तर कागड्याच्या पानाला आणि कोवळ्या फांदीला बारीक लव असते, हाताला मऊ लागते, मोगऱ्याचं पान गुळगुळीत असतं.

आता मोसम. हे सगळ्यात महत्त्वाचं कारण भाव इथेच ठरतो. मोगरा उन्हाळ्याचं फूल आहे, फेब्रुवारी-मार्चला सुरू होतो, एप्रिल-मेमध्ये नुसता कोसळतो, पावसाळ्यात कमी होत जातो आणि थंडीत जवळजवळ नसतोच, जो काय थोडा येतो त्याला सोन्याचा भाव. कुंद मात्र जुन्या काव्यांत थंडीचंच फूल म्हणून येतो, आणि कागडा बाजारात वर्षभर या ना त्या प्रमाणात दिसतो. म्हणजे आमच्या डिसेंबरच्या लग्नात पूर्ण स्टेज मोगऱ्याचं हे वाक्य ऐकल्यावरच मला शंका यायला हवी होती. आपल्या कोकणात लग्नांचे दोन मोसम, एक तुळशीचं लग्न लागल्यावर आणि दुसरा मे महिन्यात चाकरमानी गावाला आल्यावर. मेच्या लग्नात मोगरा मागा, बिनधास्त मागा, तेव्हा तो परवडतो पण आणि चांगला पण मिळतो. तुळशीनंतरच्या लग्नात मोगरा फक्त नवरीच्या केसांपुरता, बाकी सगळं कागडा, आणि कुणी मोगरा म्हणून स्वस्तात देत असेल तर तो बहुतेक कागडाच आहे असं समजा.

आणि एक गोष्ट जी मला आत्याने सांगितली आणि मग मी घरच्या झाडावर बघून घेतली. मोगऱ्याची कळी पहाटे-सकाळी तोडतात आणि ती त्याच दिवशी संध्याकाळी उमलते, आणि वास जो आपल्याला हवा असतो तो उमलताना सुटतो, बंद कळीला फारसा नसतो. म्हणजे बघा, गोरज मुहूर्त असेल, संध्याकाळी साडेसहाच्या आसपास, तर सकाळी तोडलेल्या कळ्यांचा गजरा मंगलाष्टकं सुरू असतानाच उमलतो, याच्यासारखं सुख नाही, तिथे मोगऱ्यावर पैसे खर्च करा. पण मुहूर्त सकाळी १० चा असेल तर तुम्ही मांडवभर लावलेला ताजा मोगरा मुहूर्ताला नुसत्या पांढऱ्या कळ्या असतो आणि संध्याकाळी, जेव्हा मांडवात मंडपवाल्याची पोरं खुर्च्या उचलत असतात, तेव्हा घमघमतो. सकाळच्या मुहूर्ताला मांडवाला कागडा लावला काय आणि मोगरा लावला काय, पाहुण्यांना एकच. नवरीला मात्र सकाळी पण मोगराच माळा, कारण तो गजरा संध्याकाळपर्यंत, वरात घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात राहणार आहे.

हिशोब करून बघू म्हणजे पैसा कुठे जातो ते दिसेल. आम्ही घरी ओवले तेव्हा वीतभर गजऱ्याला ६०-७० कळ्या लागल्या. दारात हळदीकुंकवाबरोबर बायकांना द्यायला अर्ध्या वितीचा तुकडा पुरतो, म्हणजे ३०-३५ कळ्या, ४० बायका धरल्या तर १४०० कळ्यांच्या आत काम होतं. आता स्टेजमागे ६ फुटांच्या २० माळा सोडायच्या म्हटलं तर ६ फूट म्हणजे ८ विती, एका माळेला ५०० च्या आसपास कळ्या, २० माळांना १० हजाराच्या आसपास. सैल ओवल्या तरी फार तर अर्ध्यावर येतील. म्हणजे ज्या कळ्यांच्या जवळ कुणाचं नाक कधीच जाणार नाही तिथे आपण सगळ्यात जास्त कळ्या टांगतो, आणि डेकोरेटर त्या प्रत्येक कळीचे मोगऱ्याच्या भावाने पैसे लावतो. ह्या १० हजार कळ्या कागड्याच्या करा, त्यातून जे वाचेल त्यातून ४० बायकांना खरा मोगरा द्या. पाहुणी घरी गेल्यावर केसातला गजरा काढून उशाशी ठेवते तेव्हा तिला तुमचं लग्न आठवतं, स्टेज नाही आठवत (आमच्या स्टेजचा तर मलाच फोटो बघावा लागला).

हाराचं काय, तर इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. वरमाला मी कागड्याचीच करीन, मे महिना असला तरी. मोगरा नाजूक आहे, घामाने, दाबाने, पाणी साचल्याने पाकळी तपकिरी पडते, आणि आपल्याकडचा मे म्हणजे नवरदेव शेरवानीत अक्षरशः उकडलेला असतो, दोन तासांनी ग्रुप फोटोला उभे राहतात तेव्हा मोगऱ्याचा हार चहात बुडवल्यासारखा दिसतो. कागडा जरा जास्त टिकतो, पांढरा राहतो. मधे गुलाब, आणि हवंच असेल तर गळ्याजवळ मोगऱ्याचे दोन गुच्छ, वास तिथूनच येणार. काही जण म्हणतील मग निशिगंध का नको, तर घ्या की, तो स्वस्त पण असतो आणि वास पण असतो, पण तो आपल्याकडे बहुतेक घाटावरून येतो, आणि घाट बंद, टेम्पो लेट, हे नाटक लग्नाच्या आदल्या रात्री मला नको असतं.

वेंगुर्ल्याच्या बाजूचे लोक आता म्हणतीलच की आमची सुरंगी कुठे. सुरंगीचा वळेसार, म्हणजे गजरा, असेल तर बाकी सगळं बाजूला, पण ती नुसती पांढरी नाही, तिचा मोसम छोटा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि तिची नक्कल करणारं कुठलंच फूल नाही म्हणून ती या भांडणात येत नाही. अबोली पण तशीच, वास नाही पण असल्याचा दावाही कुणी करत नाही. अबोली आणि मोगरा एकाआड एक ओवलेला गजरा मला स्वतःला सगळ्यात आवडतो, आणि अर्ध्या जागी घरची अबोली आल्यामुळे मोगरा अर्धाच लागतो, हे पण आहेच.

फुलं कुठून घ्यायची तर उत्तरेकडे असाल, वसई-विरारच्या बाजूला, तर तुम्ही फुलांच्या गावातच राहता, मोगरा, कागडा, सोनचाफा सगळं तिथून दादरच्या फुलबाजारात जातं, आणि जव्हार-विक्रमगडच्या बाजूला पण आता मोगरा खूप लावतात. ओळखीतून थेट शेतावरून मिळालं तर बघा. खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोठा बाजार नाही, पण प्रत्येक घरामागे विहिरीजवळ मोगऱ्याची दोन झाडं असतात, आणि मेचं लग्न असेल तर हा खजिना लोक विसरतात. लग्न ठरलं की पहिला कोयता मोगऱ्यावर चालवायचा. डिसेंबर-जानेवारीत त्याची छाटणी करा, थोडे दिवस पाणी तोडा, मग शेणखत घालून पाणी सुरू करा, मार्च-एप्रिलपासून बहर येतो. वाडीतल्या आठ-दहा घरांना सांगून ठेवलं तर लग्नाच्या सकाळी पोरं परड्या भरून कळ्या आणून देतात, आणि पैसे विचारले तर शिव्या देतात. कागड्याला तर एवढं पण करावं लागत नाही, गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, वेडावाकडा पसरतो.

एक तेवढं, कळ्या आणल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून गाडीच्या डिकीत टाकू नका, आत वाफ धरते आणि दोन तासात सगळं काळं. सुती फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, त्यात कळ्या सैल ठेवायच्या, वर केळीचं पान, आणि गार जागी. बर्फाच्या पेटीत ठेवायच्या असतील तर बर्फाला टेकू द्यायच्या नाहीत. गार ठेवलं की उमलणं लांबतं, म्हणून सकाळच्या मुहूर्ताला थोडा तरी वास हवा असेल तर आदल्या सकाळच्या कळ्या रात्रभर गारव्यात ठेवून पहाटे बाहेर काढायच्या, काही उमलतात, काही रुसतात.

ऑर्डर देताना आता मी फोनवर एवढंच बोलते: स्टेजला कागडा, कागड्याचाच भाव सांगा, गजऱ्याला मोगरा, कळी बंद हवी, त्या सकाळी तोडलेली, आणि घेताना मी मधली कळी काढून बघणार आहे. एकजण हे ऐकून म्हणाला, "ताई, तुमचं पण फुलांचं दुकान आहे काय?" आणि पुढे त्याने जो भाव सांगितला तो पहिल्यापेक्षा बराच खाली होता.