खांदेरी ते गिरणगाव: माघारीच्या डावाची पार्श्वभूमी

डावपेचांचा विषय निघाला की प्रतापगड, लाल महाल आणि पन्हाळा हे ठरलेलं. ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणून इथे पुन्हा सांगत नाही. त्याहून मागे गेलं तर कौटिल्याने उघड लढाईला प्रकाशयुद्ध आणि फसवून केलेल्या लढाईला कूटयुद्ध म्हटलं. पुढे १७२८ साली पालखेडला निजामाला त्याच्या तोफखान्यापासून तोडून, पाण्यावाचून कोंडून मुंगी-शेवगावचा तह करायला लावला गेला. शत्रूला आपल्याला हव्या त्या जागी आणायचं आणि तिथे थांबणं महाग पडू लागलं की निघून जायचं, असा हा सगळा हिशेब. यातल्या पहिल्या भागावर पोवाडे आहेत, दुसऱ्यावर कुणी फारसं बोलत नाही. माघार म्हटलं की आपल्याकडे मान खाली जाते. मुंबई आणि तिच्या आसपास मात्र हाच दुसरा भाग दोनदा निर्णायक ठरला, एकदा समुद्रात आणि एकदा गिरणगावात.

खांदेरी हे बेट थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी दक्षिण मुंबईला सर्वांत जवळचा हाच. १६७९ चा पावसाळा सरत असताना शिवाजी महाराजांची माणसं बेटावर उतरली आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईत बसलेल्या इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची झोप उडाली, कारण बंदराच्या वाटेवरच हा पहारा बसत होता. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी बेटावर उतरायचा प्रयत्न केला. तो फसला आणि त्यांचा लेफ्टनंट मारला गेला. मग त्यांनी जहाजं आणून वेढा घातला.

इंग्रजांची जहाजं मोठी, तोफाही भारी. पण वारा पडला की ती जागच्या जागी, आणि उथळ पाण्यात शिरायची सोय नाही. मराठ्यांच्या होड्या लहान आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्री किनाऱ्याहून सुटायचं, सामान उतरवायचं आणि उजाडायच्या आत परत फिरायचं, असा त्यांचा क्रम. कंपनीच्याच पत्रांत याची हताश तक्रार सापडते. वेढा चालू राहिला आणि वेढ्यादेखत तटही चढत राहिला.

१८ ऑक्टोबर १६७९ ला दोन्ही आरमारांची गाठ पडली. मराठ्यांनी इंग्रजांची ‘डव्ह’ पकडली आणि त्यांची बरीच जहाजं पळाली. ‘रिव्हेंज’ मात्र टिकून लढलं. त्याच्या तोफांपुढे मराठी आरमार फिरलं आणि नागोठण्याच्या खाडीत शिरलं. इथून पुढे दोन इतिहास आहेत. इंग्रजी कागदांवर उभी राहिलेली पुस्तकं हा कंपनीचा विजय मानतात, कारण शत्रू मैदान सोडून गेला. मराठी पुस्तकं पकडलेल्या ‘डव्ह’कडे आणि उभ्या राहिलेल्या तटाकडे बोट दाखवतात. मला दोघांचाही सूर चढा वाटतो. त्या दिवशी आरमार हटलं हे खरं, पण ते पुन्हा वापरता येईल असं शाबूत हटलं. बेटाची रसद त्यानंतरही चालू राहिली.

कंपनीनेही शेवटी तेच केलं. सुरतेच्या वरिष्ठांना खर्च नको होता आणि महाराजांशी कायमचं वैरही नको होतं. जानेवारी १६८० मध्ये समझोता झाला, इंग्रजी जहाजं मुंबईला परतली, खांदेरी मराठ्यांकडे राहिली. जंजिऱ्याच्या सिद्दीने लगोलग शेजारचं उंदेरी बेट बळकावलं, तो हिशेब वेगळा. दोन्ही बाजूंनी आपापल्या वेळी पाय मागे घेतला, आणि त्यापायी दोघांपैकी कुणीच बुडालं नाही.

अशा माघारीचा रोजच्या जगण्यातला नमुना हवा असेल तर संध्याकाळी मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोडच्या फलाटावर उभं राहावं. कल्याणला जायचं असलेली माणसं उलट दिशेची गाडी पकडतात, सीएसएमटीला बसल्या जागी राहतात आणि त्याच गाडीने खिडकीशी बसून परत येतात. याला रिटर्न करणं म्हणतात. सीएसएमटीच्या फलाटावर ताटकळलेल्यांचा त्यावर भयंकर राग असतो, तोही रास्तच.

आता गिरण्या. मुंबईच्या कापडगिरण्यांचा १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चालला आणि त्यात सुमारे दीड लाख कामगार होते. एका विणकराने जास्त माग सांभाळावेत, ही मालकांची योजना भांडणाच्या मुळाशी होती. एकेक गिरणी अडवायची की सगळ्या एकदम, यावर पुढाऱ्यांत तेव्हाही मतभेद होते. इतके दिवस कामगार तगले ते गावाच्या जिवावर. कोकणात किंवा घाटावर घर, थोडी शेती, तिथून येणारा तांदूळ आणि इकडे खाणावळवाल्या बाईची उधारी. थळच्या किनाऱ्याने खांदेरीला जे दिलं, ते गिरणगावाला या गावांनी दिलं.

अशा संपांना वेसण घालणारे कायदे पुढे येत गेले. त्यातला सर्वांत दूरगामी म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, मालकांशी बोलणार तीच आणि करारावर सही करणार तीच. ती कोण हे सदस्यसंख्येच्या नोंदीवरून ठरायचं, कामगारांच्या गुप्त मतदानाने नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत ही मान्यता अनेक दशकं एकाच संघटनेकडे राहिली. तिच्यावरचा विश्वास उडाला तरी तिला हटवायचा मार्ग जवळपास बंद होता. १९८२ चा गिरणी संप समजून घ्यायचा तर हे कलम आधी समजून घ्यावं लागतं. बहुतेक लेख ते एका ओळीत उरकतात आणि थेट नेत्याच्या स्वभावावर येतात.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. मान्यताप्राप्त युनियनने स्वीकारलेला आकडा कामगारांना मान्य नव्हता. काही गिरण्यांतले कामगार, बाहेरच्या कारखान्यांत मोठी पगारवाढ मिळवून देणाऱ्या डॉ. दत्ता सामंत या पुढाऱ्याच्या दारात जाऊन बसले. तो आधी राजी नव्हता. शेवटी १८ जानेवारी १९८२ ला बेमुदत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी तात्पुरतं काम मिळणाऱ्या, कामगारांना कायम करून हवं होतं आणि त्या १९४६ च्या कायद्यातून सुटका हवी होती.

सगळ्या गिरण्या एकाच वेळी आणि बेमुदत बंद ठेवण्याचा हा निर्णय बरोबर होता का, यावर लालबाग-परळमध्ये आजही आवाज चढतात. टीकाकारांचं म्हणणं असं की मालकांची गोदामं भरलेली होती, यंत्रं जुनी झाली होती आणि काहींना गिरणी चालवण्यातच रस उरला नव्हता. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होतं. अशा मालकाला बंदची भीती दाखवण्यात अर्थ नव्हता, निवडक गिरण्या अडवून बाकीच्यांतून पगार चालू ठेवायला हवे होते. समर्थक विचारतात, मान्यता पूर्ण उद्योगाची असेल तर ती मोडायला पूर्ण उद्योगच लागणार ना? शिवाय चार गिरण्यांत संप केला असता तर त्यांचं काम पाचवीत गेलं असतं आणि बदल्यांना बाहेरचा रस्ता दाखवला गेला असता.

मला समर्थकांची बाजू जास्त पटते, निदान सुरुवातीपुरती. घोळ सुरुवातीत नव्हता. सहा-आठ महिन्यांनी, थोडी वाढ पदरात पाडून आत शिरावं आणि पुढच्या खेपेची तयारी करावी, अशी वेळ आली होती. पण सही कुणाशी करायची? संपाच्या पुढाऱ्याला कायद्याने करार करता येत नव्हता आणि ज्यांना करता येत होता त्यांच्यामागे कामगार नव्हते. सरकारनेही त्याला मान्यता मिळू द्यायची नाही असंच धोरण ठेवलं. कंपनीला १६८० मध्ये बोलणी करून जहाजं वळवता आली. या अडीच लाखांना नागोठण्याची खाडीच नव्हती. त्यात पुढाऱ्याने मधली वाट शोधण्यात कसूर केली, हा आक्षेप उरतोच आणि तो झटकून टाकता येणार नाही. माणसं एकेकटी, मान खाली घालून कामावर परतली किंवा गावी गेली ती गेलीच. ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. संप अधिकृतपणे आजतागायत मागे घेतलेला नाही.

खरी सफाईदार माघार घेतली ती मालकांनी. धंद्यातून पाय काढताना त्यांच्या पायाखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती, तीही शहराच्या मध्यभागी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरवली. गिरणीची इमारत पाडून जी जागा सुटेल ती हिशेबाबाहेर गेली. जिथे जवळपास सगळ्या आवारावर शेड आणि गोदामं उभी होती, तिथे शहराच्या वाट्याला काय आलं असेल ते सांगायला नको. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. टॉवर आणि मॉल त्यानंतरचे.

कामगारांसाठी घरांची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, घरं ६,९२५. एकूण अर्जदार पुढे पावणेदोन लाखांच्या आसपास गेले. गिरण्यांच्या जागी घरं पुरत नाहीत म्हणून पुढे शेलू आणि वांगणीचं नाव आलं, म्हणजे कर्जतच्या वाटेवर. मार्च २०२४ च्या शासन निर्णयात एक कलम होतं: तिथलं घर नाकारलं तर घरावरचा हक्क संपला. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर वृद्ध कामगार आणि त्यांचे वारस या कलमाविरुद्ध जमले. ते रद्द करण्याचं आश्वासन सरकारने दिलं. घर मुंबईतच हवं, ही त्यांची मागणी मात्र कायम राहिली.