पीक कोणाच्या नावावर? शेतीवर उभ्या राहणाऱ्या आधार-वसाहतींची पार्श्वभूमी

दीर्घ मानसिक आजारातून सावरणारी, बौद्धिक अपंगत्व असलेली किंवा बेघरपणातून बाहेर पडू पाहणारी माणसे एकत्र राहतील अशी वसाहत उभारायची, तिथे त्यांना रोजच्या जगण्यात लागेल तेवढी मदत द्यायची आणि वसाहतीचा चालू खर्च रहिवाशांच्याच मालकीच्या शेतीव्यवसायातून भागवायचा, अशी योजना आज अनेक ठिकाणी मांडली जाते. योजना नवी वाटत असली तरी तिच्यातले तीन धागे, म्हणजे आधाराचे घर, शेतातले काम आणि सामुदायिक मालकी, वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या देशांत तयार झाले. पहिले दोन धागे फार लवकर एकमेकांत गुंफले गेले. तिसरा मात्र दीर्घकाळ बाहेरच राहिला, आणि या क्षेत्रातल्या बहुतेक अन्यायांचे व अपयशांचे मूळ तिथेच आहे, असे माझे मत आहे.

बेल्जियममधील खेल या गावाचे उदाहरण सर्वांत जुने. मनोरुग्णांच्या रक्षक मानल्या जाणाऱ्या संत डिम्फना यांच्या समाधिस्थानी मनोरुग्णांना घेऊन यात्रेकरू येत. चर्चजवळची जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावातल्या शेतकरी कुटुंबांनी या पाहुण्यांना आपल्या घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली, आणि मध्ययुगात रुजलेली ही रीत आजही पूर्णपणे संपलेली नाही. 1850 मध्ये सरकारने तिची देखरेख स्वतःकडे घेतली, आणि 1930 च्या दशकाअखेरीस, ऐन भरात, गावात साडेतीन हजारांहून अधिक असे पाहुणे राहत होते. गावकरी त्यांना रुग्ण म्हणत नसत, घरी जेवूनखाऊन राहणारा या अर्थाचा साधा शब्द वापरत. पाहुणा घरच्यांच्या पंगतीला बसे आणि जमेल तसा गोठ्यात, शेतात हात लावी. माणुसकीच्या दृष्टीने ही व्यवस्था आजही थक्क करते. तरीही शेत शेतकऱ्याचे होते आणि पाहुण्याला ठेवून घेण्याचा मोबदलाही यजमान कुटुंबालाच मिळे.

इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक आणि त्यांच्या क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) सहकाऱ्यांनी 1796 मध्ये यॉर्क येथे ‘रिट्रीट’ हे मनोरुग्णांसाठीचे निवासस्थान सुरू केले. साखळदंड आणि मारझोड यांच्याऐवजी शांत परिसर, आदराची वागणूक आणि बागेतले काम यांवर तिथे भर होता. हा विचार पुढे सरकारी मनोरुग्णालयांनी उचलला, पण आकार वाढत गेला तसा त्यातला आत्मा हरवत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या मनोरुग्णालयांना स्वतःची शेती, गोठे आणि डुकरांचे वाडे असत. पुरुष शेतावर आणि स्त्रिया धुलाईघरात किंवा स्वयंपाकघरात, अशी सरधोपट विभागणी असे. दूध, बटाटे, भाजीपाला संस्थेच्या स्वयंपाकघरात जाई, खर्च वाचे, आणि या कामाला ‘उपचार’ म्हटले जाई. एखाद्या माणसाने वीस वर्षे पहाटे उठून गाई पिळल्या तरी त्याच्या नावावर एक पैसाही जमा होत नसे. इथे आणखी एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. जो उत्तम काम करी त्याला घरी सोडण्याची घाई संस्थेला नसे, कारण गोठा त्याच्यावर चाललेला असे.

अमेरिकेत 1973 मध्ये ‘सौडर विरुद्ध ब्रेनन’ खटल्यात केंद्रीय जिल्हा न्यायालयाने किमान वेतनाचा कायदा सरकारी संस्थांतल्या काम करणाऱ्या रुग्णांनाही लागू होतो, असा निर्णय दिला. निर्णय न्याय्यच होता. त्याचा परिणाम मात्र दुहेरी झाला. वेतन देण्यापेक्षा काम बंद करणे अनेक संस्थांनी सोयीचे मानले, आणि ज्यांना शेतातले काम मनापासून आवडत होते त्यांच्या हातून पिळवणुकीबरोबर ते कामही गेले. रुग्णांनाच शेतीचे मालक करावे, हा पर्याय त्या वेळी फारसा कोणी विचारात घेतला नाही.

मोठ्या संस्थांच्या बाहेर दुसरी एक परंपरा वाढत होती. मॅसॅच्युसेट्स राज्यात 1913 मध्ये विल्यम आणि ॲग्नेस गुल्ड या दांपत्याने ‘गुल्ड फार्म’ सुरू केले. रहिवासी आणि कर्मचारी एकाच शेतावर राहतात, एकत्र काम करतात, एकत्र जेवतात, ही तिथली पद्धत आहे. नाझी राजवटीमुळे ऑस्ट्रिया सोडावे लागलेले डॉक्टर कार्ल कोनिग आणि त्यांचे सहकारी स्कॉटलंडमधील ॲबर्डीनजवळ स्थिरावले आणि तिथून ‘कॅम्पहिल’ चळवळ उभी राहिली. 1955 मध्ये उत्तर यॉर्कशायरमधील बॉटन येथे तिने प्रौढांसाठी पहिले खेडे वसवले. शेती, दुग्धशाळा, बेकरी, कार्यशाळा असलेली ही खेडी पुढे अनेक देशांत पसरली. तिथे ‘रुग्ण’ आणि ‘सेवक’ यांच्यातली भिंत खरोखर खाली आली. कायदेशीर मालकी मात्र बहुतेक ठिकाणी धर्मादाय न्यासाकडेच राहिली.

बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनाचाही या इतिहासात हक्काचा उल्लेख आहे. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. मोजक्या कुष्ठरुग्णांनी खडकाळ जमिनीत स्वतःच्या हातांनी विहीर खणली, पाणी लागले, भाजीपाला पिकू लागला. पण रोगाच्या भीतीने आसपासचे लोक ती भाजी घ्यायला तयार नव्हते. पुढे परदेशातून आलेले स्वयंसेवक तिथे राहिले, राबले, तिथलेच अन्न खाऊ लागले, आणि ते पाहून ही भीती ओसरली. शेतीव्यवसायाचा आराखडा आखणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा, असे मला मनापासून वाटते. आपण किती पिकवू याचा हिशेब सगळेच मांडतात. आपण पिकवलेले लोक विकत घेतील का, आणि नाही घेतले तर काय, हा प्रश्न कलंक सोसणाऱ्या वस्तीसाठी मातीच्या परीक्षणाइतकाच मूलभूत असतो.

मालकीचा धागा सहकारी चळवळीतून आला. 1844 मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथील सहकारी दुकानाच्या 28 संस्थापकांनी एक सभासद, एक मत हे तत्त्व व्यवहारात आणले, आणि शेती सहकारी संस्थांनी ते पुढे नेले. आधाराची गरज असलेल्या माणसांपर्यंत ते पोहोचायला मात्र सव्वाशे वर्षे लागली. इटलीतील त्रिएस्ते येथे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मनोरुग्णालयाचे संचालक फ्रांको बासाल्या यांच्या काळात तिथल्या रुग्णांनी कामगार सहकारी संस्था स्थापन केली. तोवर जी साफसफाई ते फुकट करत होते, त्याच कामाचे ते सभासद म्हणून कंत्राट घेऊ लागले. 1978 च्या 180 क्रमांकाच्या कायद्याने इटलीने मनोरुग्णालये बंद करण्याचा मार्ग धरला, आणि 1991 च्या 381 क्रमांकाच्या कायद्याने सामाजिक सहकारी संस्थांना चौकट दिली. यातल्या वंचितांना काम मिळवून देणाऱ्या प्रकारच्या संस्थांत, ज्यांत शेतीही येते, किमान 30 टक्के कामगार वंचित गटांतले असावे लागतात आणि त्यांची प्रकृती पाहून शक्य तिथे त्यांना सभासदही करावे लागते. अशा कामगारांपुरती सामाजिक सुरक्षेची वर्गणी माफ होते. 2015 मध्ये सामाजिक शेतीसाठी, म्हणजे शेतीतून आधार आणि रोजगार देण्यासाठी, तिथे स्वतंत्र कायदाही झाला.

जमिनीची मालकी हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग आहे, आणि त्याबद्दल सर्वांत जास्त शिकवणारे उदाहरण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ‘न्यू कम्युनिटीज’ या वसाहतीचे आहे. ती आधार-वसाहत नव्हती. मतदानाचा हक्क मागितला म्हणून जमिनीवरून हुसकावल्या गेलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांसाठी ती आखली गेली होती. नागरी हक्क चळवळीतले चार्ल्स शेरॉड, स्लेटर किंग आणि शांततावादी कार्यकर्ते रॉबर्ट स्वान यांनी जमीन सामुदायिक न्यासाकडे ठेवून कुटुंबांना दीर्घ मुदतीच्या करारावर देण्याची कल्पना मांडली. तिच्यामागे इस्रायलमधील भाडेपट्ट्यांचा अभ्यास होता, तसाच विनोबा भावे यांच्या ग्रामदानाचा प्रभावही होता. 1969 मध्ये ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था स्थापन झाली आणि सुमारे 5,700 एकर जमीन कर्ज काढून घेतली गेली. घरे, शाळा, आरोग्यसेवा यांचे आराखडे कुटुंबांना सोबत बसवून आखले गेले. नियोजनासाठी केंद्र सरकारने पैसे दिले, पण उभारणीचा निधी राज्यातल्या विरोधामुळे मिळाला नाही.

तेव्हापासून कर्जाचा सारा भार एकट्या शेतीवर पडला. मका, भुईमूग, सोयाबीन पिकवून आणि रस्त्याकडेच्या विक्रीकेंद्रावर माल विकून लोकांनी पंधरा वर्षे हप्ते भरले. मग दुष्काळाची वर्षे आली. गोऱ्या शेतकऱ्यांना सहज मिळणारे सरकारी आपत्कालीन कर्ज यांना वेळेवर मिळाले नाही, आणि 1985 मध्ये सगळी जमीन गेली. भेदभावाबद्दलच्या दाव्यात 2009 मध्ये संस्थेला सुमारे 1.2 कोटी डॉलर मंजूर झाले, आणि 2011 मध्ये तिने आल्बनी शहराजवळ एक मोठा मळा विकत घेतला, जो एके काळी गुलामांच्या श्रमांवर चालत असे.

1990 च्या दशकात निवासाच्या बाजूनेही एक महत्त्वाचा बदल झाला. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस यांनी सुरू केलेल्या कार्यक्रमाने बेघर मनोरुग्णांना उपचारांची अट न घालता आधी स्वतःच्या नावाचा भाडेकरार दिला. घर हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही, ही भूमिका त्यातून रुजली. शेतीवर चालणाऱ्या वसाहतीला ती तंतोतंत लागू पडते, कारण आजार उलटला म्हणून जो माणूस चार महिने गोठ्यात येऊ शकत नाही, त्याचे घर त्या चार महिन्यांत जाता कामा नये.

आजच्या आराखड्यांत जमीन न्यासाकडे, घरे निवासी संस्थेकडे आणि व्यवसाय रहिवाशांच्या सहकारी संस्थेकडे, असे तीन वेगळे करार दिसतात ते या पार्श्वभूमीमुळे. व्यवसायाने कर्ज काढले तर तारण म्हणून पीक, जनावरे, अवजारे ठेवता येतात. घरांखालची जमीन ठेवता येत नाही. काम न करणाऱ्या रहिवाशाचा भाडेकरार अबाधित राहतो आणि काम करणाऱ्याला वेतन, भाग आणि मत मिळते. आधार देणाऱ्या कर्मचाऱ्यांचा पगार मात्र शेतीच्या उत्पन्नावर टाकला जात नाही, तो सार्वजनिक निधीतून येतो, कारण पाऊस न झालेल्या वर्षीही कोणाला तरी रात्री औषध द्यायचे असते.