थ्री फिफ्टीन रायफल : घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

परवानाधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रायफल बघायला आलेला माणूस बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) एकदा मागेपुढे करतो आणि हमखास म्हणतो, "अहो, ही तर थ्री नॉट थ्रीच!" कॉलेजात एनसीसी केलेले म्हणतात, "आमची पॉइंट टू टू अशीच होती, ही जरा अंगानं भरलेली." दोघांचंही बरंचसं बरोबर असतं. जिथं चुकतं तिथली चूक मात्र महागात पडते. तेवढं प्रत्येकाला तोंडी सांगता सांगता आमचा चहा रोज थंड होतो, म्हणून हे पत्रक छापलं.

आधी आमचा अनुभव सांगतो. दुरुस्तीला येणाऱ्या दहा रायफलींपैकी जास्त बार काढल्यामुळे झिजलेली एखादीही नसते. येतात त्या कपाटात पडून खराब झालेल्या. परवाना आजोबांचा, मग वडिलांचा, मग मुलाच्या नावावर झालेला. आणि एवढ्या वर्षांत बार झालेले असतात बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा या पत्रकात नेमबाजीपेक्षा सांभाळण्याबद्दलच जास्त लिहिलंय, त्याला इलाज नाही.

सांगाडा थ्री नॉट थ्रीचा, काडतूस दुसऱ्याच घरचं

या रायफलीचा बोल्ट आणि त्याखाली बसणारं मॅगझिन (काडतुसांची पेटी) ही जेम्स पॅरिस ली याची रचना. हा माणूस जन्मला स्कॉटलंडमध्ये, वाढला कॅनडात, नाव काढलं अमेरिकेत. नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे आटे ठरवले लंडनजवळच्या एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात. दोन्ही नावं जोडून १८९५ मध्ये ली-एन्फिल्ड, म्हणजेच आपली थ्री नॉट थ्री झाली, आणि १९०७ साली तिचा मार्क थ्री (तिसरा नमुना) आला. तो पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांच्या खांद्यावरही होता. कोलकात्याच्या वर, हुगळीच्या काठी असलेल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ही रायफल पुढे अनेक वर्षं बनत राहिली. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिथंच तिला जास्त मजबूत पोलादाचं अंग आणि ७.६२ मिमीचं काडतूस मिळालं. पोलिसांकडे तर ती आत्ताआत्तापर्यंत होती. नोव्हेंबर २००८ मध्ये सीएसटी स्थानकात पोलिसांच्या हाती हीच थ्री नॉट थ्री होती, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

मग थ्री फिफ्टीन कुठून आली? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात खासगी माणसाला लष्करी .३०३ बाळगायला बंदी केली. सैन्याची काडतुसं चोरीला जाऊन आपल्यावरच उलटतील ही धास्ती. शिकारी साहेबांची आणि संस्थानिकांची अडचण झाली. इंग्लंडमधल्या बंदूकवाल्यांनी त्यावर तोड काढली : रायफल लीचीच, पण काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातल्या मानलिकर रायफलीचं, म्हणजे ८ मिमीचं. इंचात मोजलं तर .३१५. पुढे ईशापूरनंही तीच वाट धरली. म्हणजे आज तुम्ही जी रायफल हातात धरता तिचा सांगाडा इंग्रजी, काडतुसाचं घराणं व्हिएन्नाकडचं आणि कारखाना बंगालमधला. काडतुसाच्या बुडावर के एफ ही अक्षरं दिसली तर ते आपल्या पुण्याच्या खडकीचं. किरकी (खडकीचं इंग्रजी नाव) फॅक्टरीची ती खूण आहे.

साहेब गेला, बंदी राहिली. आजही .३०३ आणि ७.६२ या बोअरच्या (नळीच्या आतल्या मापाच्या) रायफली कायद्यानं प्रतिबंधित वर्गात आहेत आणि .३१५ साध्या परवान्यावर मिळते. शंभर वर्षांपूर्वीची पळवाट आज सरळ रस्ता झाली आहे.

ही तुम्हाला खरंच हवी आहे का?

दुकानदारानं असं विचारू नये म्हणतात. आम्ही विचारतो.

घरात चोर शिरला तर म्हणून हवी असेल, तर घेऊ नका. जवळजवळ मीटरभर लांबीची रायफल अंधाऱ्या खोलीत वळवताही येत नाही. शिवाय तिची गोळी दार, पत्रा, पातळ भिंत यांना जुमानत नाही. पलीकडे कोण झोपलंय ते तिला कळत नाही. पिकात रानडुकरं येतात म्हणून हवी असेल, तर शस्त्र परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा आहे आणि वन खात्याची लेखी परवानगी हातात नसताना बार काढलात तर रायफल जप्त होते, खटला वेगळाच. कोकणात ठासणीची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या चालवलेले लोक हे आमच्यापेक्षा चांगलं जाणतात.

मोठ्या बोअरच्या नेमबाजीची हौस असेल, जुन्या यंत्राची आवड असेल, तर मात्र पैसे वाया जाणार नाहीत. फक्त आधी जवळच्या रायफल क्लबात चौकशी करा. बऱ्याच रेंजवर एअर रायफल आणि पॉइंट टू टू चालते, पण मोठी रायफल चालत नाही, कारण गोळी अडवणारा मागचा बांध तेवढा भक्कम नसतो. झाडायला जागाच नाही हे रायफल घेतल्यावर कळलेले आमचे ग्राहक कमी नाहीत.

डावखुऱ्या मंडळींसाठी : हँडल उजवीकडेच असतं. डावखुऱ्यांसाठी वेगळी निघत नाही.

कागदपत्रं थोडक्यात

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं बाळगता येतात (पूर्वी तीन होती) आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे. परवाना कोणत्या हद्दीत चालतो, वर्षाला किती काडतुसं घेता येतात, एका वेळी किती जवळ ठेवता येतात, हे सगळं तुमच्याच परवान्यावर लिहिलेलं असतं. कृपया एकदा वाचा. मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाच्या मागे लागा. निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा करण्याची नोटीस आली की वेळेत जमा करून पावती घ्या. परवानाधारक वारला तर घरच्यांनी रायफल "कागद होईपर्यंत राहू दे" म्हणून माळ्यावर ठेवू नये. विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. वारसाचा अर्ज त्यानंतर सावकाश होतो.

आणि वरातीत, वाढदिवसाला, निवडणूक जिंकल्यावर हवेत बार काढणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच.

बोल्ट : इथं वेळ द्या

बहुतेक शिकारी रायफलींचा बोल्ट पुढच्या टोकाला, काडतुसाच्या अगदी मागे, अडकतो. लीचा बोल्ट अडकतो मागच्या बाजूला. त्यामुळे बोल्टची धाव थोडी कमी, आणि हँडलही थोडंच उचलावं लागतं. दुसरं, स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना. म्हणून उघडताना हलका आणि बंद करताना शेवटी जरा अडल्यासारखा वाटतो. नवे ग्राहक "बोल्ट जड जातोय" म्हणून परत येतात तो हा प्रकार, बिघाड नाही. तळहातानं एका दमात पुढे ढकला आणि खाली दाबा. कचरत कचरत ढकललात तर अडणारच. या चालीमुळेच पूर्वीचा इंग्रज शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढू शकत होता. तुम्हाला एवढी घाई नाही.

बोल्टचं तोंड हा वेगळा भाग असतो आणि तो आट्यांवर बसतो. साफ करताना तो फिरून सैल होतो. परत बसवताना पूर्ण आवळला गेलाय ना ते बघा. सर्वांत महत्त्वाचं : बोल्ट आणि रायफल ही जोडी कारखान्यात जुळवलेली असते. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा क्रमांक एकच हवा. चुलत्याच्या रायफलीचा बोल्ट तुमच्या रायफलीत सहज बसेल, बंदही होईल. तेवढ्यानं तो तुमचा होत नाही. काडतुसाच्या बुडामागे केसभर जागा जास्त राहिली तरी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) फाटू शकते आणि तापलेला वायू डोळ्याकडे येतो. जुनी रायफल विकत घेताना आम्ही पहिल्यांदा क्रमांक बघतो, लाकडाची चमक नंतर.

दस्ता (खांद्याला टेकणारं मागचं लाकूड) हलतोय असं वाटलं तर मागून लांब स्क्रू-ड्रायव्हर घालून स्वतः आवळू नका. जुन्या लष्करी मार्क थ्रीमध्ये दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब स्क्रूचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न काढता तो स्क्रू फिरवला की ते लाकूड चिरतं. तुमची रायफल त्याच घराण्यातली आहे. आमच्याकडे आणा, पाच मिनिटांचं काम असतं.

काडतूस भरताना

या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे यायला हवी. उलटं झालं की एकात एक अडकतात आणि बोल्ट मध्येच थांबतो. मग लोक बोल्टवर बुक्के मारतात. मारू नका, मॅगझिन काढा, नीट भरा. पाच काडतुसं, हळूहळू, एकेक.

.३०३ चं काडतूस हिच्यात चालत नाही. जर्मन माउजरचं ८ मिमीचंही नाही, नावात आठ असलं तरी. बसतंय का ते घालून बघण्याचा प्रयोगसुद्धा नको. पेटीवर आणि बुडावर वाचा, वाचता येत नसेल तर आम्हाला विचारा. हिरवी पडलेली, ओल लागलेली, आजोबांच्या ट्रंकेतली काडतुसं झाडायची नाहीत, आणि कचऱ्यातही टाकायची नाहीत. ती रीतसर कशी जमा करायची ते आमच्याकडे विचारा.

रेंजवर

पहिल्या बाराआधी नळीत कोरडी चिंधी फिरवा. तेल राहिलं तर पहिली गोळी भलतीकडे जाते आणि माणूस उगाच माशीला (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेला) दोष देतो. कानावर मफ आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. आवाज पॉइंट टू टूसारखा गोड नाही. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबा. सैल धरला तर धक्का लागतो, घट्ट धरला तर ढकलल्यासारखं वाटतं.

चाप दोन टप्प्यांत येतो : पहिला हलका, मग एक ठाम जागा, तिथून पुढे बार. पहिला टप्पा घ्या, थांबा, श्वास अर्धा सोडा, मग दाबा. तीन बार एकाच जागी नेम धरून काढा आणि मगच नेम कुठं सरकवायचा ते ठरवा. एका बारावरून ठरवणं म्हणजे एका सरीवरून पावसाळा ठरवणं. गोळी जड आणि वेग मध्यम, त्यामुळे शंभर मीटरला जुळवलेला नेम दोनशेला बराच खाली लागतो. उघड्या माशीवर शंभरपर्यंत चांगला हात बसला तरी पुष्कळ झालं.

चाप ओढला आणि नुसता टक आवाज आला, तर बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी लक्ष्याकडेच ठेवून मिनिटभर थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं. आवाज नेहमीपेक्षा पोचट आला तर त्याहून मोठं संकट : गोळी नळीतच अडकलेली असू शकते. बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचा बार नाही.

सफाई, पावसाळा आणि दसरा

बोल्ट पूर्ण मागे ओढून त्याचं तोंड वर वळवलं की तो बाहेर येतो. मग पुलथ्रू (चिंधी ओढायची दोरी) किंवा सळई मागच्या बाजूनं घाला, पुढून नाही. पुढचं तोंड घासलं की नेम गेला. आधी द्रावणाची चिंधी, मग कोरड्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत, मग तेलाचा हलका हात. काडतुसं जुनी आणि खात्री नसलेली असतील तर सैन्यातला जुना उपाय करा : आधी उकळतं पाणी नळीतून ओता. जुन्या टोपीतल्या (काडतुसाच्या बुडातल्या पेटवणाऱ्या भागातल्या) क्षारांवर तेल काही करत नाही, पाणी करतं. मग पूर्ण कोरडं करून तेल.

पावसाळ्यात रायफल रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या कव्हरात ठेवू नका. कव्हर ओल धरून ठेवतं आणि गणपतीपर्यंत नळीवर तांबेरा आलेला असतो. लोखंडी कपाटात, कुलपात, उभी, बोल्ट वेगळा आणि काडतुसं तिसऱ्या जागी. पंधरा दिवसांनी एकदा काढून तेलाचं फडकं फिरवा. लाकडाला कच्च्या जवसाच्या तेलाचा हात वर्षातून एकदा पुरे; घरच्या दारांना लावून उरलेलं व्हार्निश नको.

खंडेनवमीला शस्त्रपूजन अवश्य करा. पण हळदीकुंकवाची बोटं ओली असतात, फुलांना पाणी असतं, आणि पूजा झाल्यावर रायफल तशीच दुसऱ्या दिवसापर्यंत पाटावर राहते. दरवर्षी दिवाळीच्या आधी आमच्याकडे हळदीच्या ठिपक्यांखाली गंजलेल्या रायफली येतात. हळदकुंकू दस्त्याच्या लाकडाला लावा, फूल शेजारी ठेवा आणि आरती झाली की पुसून, तेल लावून, कुलपात. देवी रागावणार नाही.

दुकानात येताना

परवाना मूळ आणावा, झेरॉक्स चालत नाही. रायफल रिकामी, बोल्ट काढून वेगळ्या कापडात, मॅगझिन वेगळं. काडतुसं सोबत आणू नयेत. परवानाधारकानं स्वतः यावं. "दादांनी पाठवलंय" म्हणून धाकट्या भावाच्या हातून आलेली रायफल आम्हाला ताब्यात घेता येत नाही आणि तो भाऊ रस्त्यात पकडला गेला तर त्यालाही सोडवता येत नाही. दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस गर्दी असते, सफाईचं काम असेल तर त्याआधीच आणून टाका.