ठराव झाला, पैसे कुठे आहेत? गोव्यात गावच्या सोयींसाठी आणि पर्यटनासाठी पंचायतीकडून निधी कसा मागायचा

ग्रामसभा संपली की पंचायतीच्या पायऱ्यांवर हमखास एक वाक्य ऐकू येते, "ठराव जालो, आतां काम जातलेंच." वर्षभराने त्याच पायऱ्यांवर तीच माणसे त्याच कामाबद्दल पुन्हा विचारत असतात. यात दरवेळी कोणी अडवणूक केलेली असतेच असे नाही. ठराव ही गावाची इच्छा असते. पैसे मात्र कुठल्या तरी लेखाशीर्षातून, कुठल्या तरी अंदाजपत्रकावर आणि कोणाच्या तरी सहीने बाहेर पडतात. म्हणून अर्ज लिहिण्याआधीच एक प्रश्न विचारून घ्यावा: हे काम कोणत्या खिशातून होणार?

पंचायतीला खिसे बरेच असतात. पहिला तिचा स्वतःचा. त्यात घरपट्टी, व्यापार परवान्याचे शुल्क, बांधकाम परवान्याचे शुल्क, जाहिरात फलकांचे पैसे आणि बाजार भरत असेल तर सोपो, म्हणजे विक्रेत्यांकडून घेतले जाणारे बाजार शुल्क, येतो. कळंगुट, कांदोळीसारख्या किनारी पंचायतींचा हा खिसा जड असतो. सत्तरी, सांगे, धारबांदोड्यातल्या लहान पंचायतींना त्यातून वीजबिल आणि कामगारांचा पगार भागला तरी समाधान. दुसरा खिसा राज्य सरकारच्या अनुदानांचा. जकात बंद झाल्यावर तिच्या बदल्यात मिळणारे अनुदान यात येते, आणि पंचायत घर, सभागृह, स्मशानभूमी अशा बांधकामांसाठीच्या दीनदयाळ योजनेचे पैसेही यातच. तिसरा केंद्रीय वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने यातले ६० टक्के पैसे पाणी आणि स्वच्छता या दोनच गोष्टींना बांधून दिले. उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होते, पण पगार आणि कार्यालयीन खर्चाला नाही. चौथा जिल्हा पंचायतीचा. उत्तर आणि दक्षिण गोव्यात प्रत्येकी २५ सदस्य आहेत, आणि बसथांबा, गटार, पायवाट अशी कामे आपल्या मतदारसंघातला सदस्य सुचवू शकतो. आमदार आणि खासदार निधी वेगळे.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा.

'पर्यटन' हा शब्द यादीत नाही

१९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आणली आणि पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय त्यात मांडले. ती यादी एकदा शांतपणे वाचा. शेती, लघुसिंचन, पिण्याचे पाणी, रस्ते, वाचनालये, सांस्कृतिक उपक्रम, बाजार आणि जत्रा, आरोग्य व स्वच्छता, महिला व बालविकास, सामुदायिक मालमत्तेची देखभाल हे सगळे त्यात सापडेल. पर्यटन सापडणार नाही. पालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांतही ते नाही. तिथे उद्याने, मैदाने आणि सांस्कृतिक बाजूंना प्रोत्साहन इतकेच आहे.

याचा अर्थ पंचायत पर्यटकांसाठी काहीच करू शकत नाही असा नाही. अर्जावर "पर्यटनवृद्धीसाठी निधी द्यावा" असे लिहिले की सचिव तो कुठल्या शीर्षाखाली टाकायचा या विचारात पडतो आणि बहुधा 'पर्यटन खात्याकडे पाठवावा' असा शेरा मारून मोकळा होतो. तेच काम नेमके सांगितले तर बसते. धबधब्याच्या वाटेवरचे शौचालय स्वच्छतेत बसते, जत्रेच्या दिवशीचे पाण्याचे टँकर आणि कचरा उचल 'बाजार आणि जत्रा' मध्ये, तळीच्या पायऱ्यांची डागडुजी सामुदायिक मालमत्तेत, शिगम्यात (गोव्यातला शिमगा) मुलांना रोमटाचे, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीचे, ताल शिकवण्याचे वर्ग सांस्कृतिक उपक्रमात. ही चलाखी नाही. त्या शौचालयाचा उपयोग रविवारी पाहुण्यांना होतो आणि उरलेले सहा दिवस रोजगार हमीवर येणाऱ्या बायकांना. अर्जात ही दुसरी ओळ लिहायला आपण विसरतो, आणि मंजुरीच्या वेळी वजन तिलाच असते.

आमच्या मंडळाने हा धडा आपल्या खर्चाने घेतला. मुलांच्या दशावतारी नाटकाच्या शिबिरासाठी एका कार्यालयात अर्ज केला आणि उत्साहाच्या भरात त्याला 'ग्रामीण पर्यटन महोत्सव' असे नाव दिले. चार महिन्यांनी फाईल परत आली. महोत्सवासाठी त्या शीर्षात तरतूद नव्हती, प्रशिक्षण शिबिरासाठी होती. शिवाय मंडळाच्या कार्यकारिणीची यादी संस्था नोंदवणाऱ्या निबंधकांकडे तीन वर्षे दिलेली नव्हती. पहिली चूक शब्दांची, दुसरी आळसाची.

निखळ पर्यटनाची, म्हणजे जाहिरात, माहितीपत्रके, मोठे महोत्सव यांची वाट खरोखरच पणजीतल्या पर्यटन खात्याकडे जाते. शहरांतल्या शिगमोत्सवाच्या मिरवणुकांना हे खाते हातभार लावते. माशेलच्या देवकी-कृष्ण मंदिरासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या चिखलकाल्याला, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवाला, गेल्या काही वर्षांत मोठे रूप आले तेही याच खात्यामुळे. नाटक, भजन, लोककला यांसाठी मात्र कला आणि संस्कृती संचालनालय. एकच अर्ज दोन्हीकडे टाकू नका. दोन्ही ठिकाणी 'दुसरीकडून मदत घेतलेली नाही' असे लिहून द्यावे लागले तर पंचाईत होते.

अर्ज कोण करू शकतो

ग्रामसभेत विषय मांडायला संस्था लागत नाही. पंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेला कोणीही मांडू शकतो. उलट नाव नसेल तर तिथे बंगला असूनही मत देता येत नाही. पुण्या-मुंबईहून येऊन गोव्यात घर घेतलेल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. घरपट्टी भरल्याने ग्रामसभेचे सदस्यत्व मिळत नाही. त्यांनी पंचायतीकडे लेखी निवेदन द्यावे आणि वाड्यावरच्या मतदाराला ते मांडायला सांगावे.

पैसे स्वतःच्या हातात घेऊन कार्यक्रम करायचा असेल तर मात्र नोंदणीकृत संस्था हवी. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. नोंदणीनंतर दरवर्षी सर्वसाधारण सभा झाली की १४ दिवसांत नव्या कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यायची असते. गावोगावची मंडळे नेमकी इथे घसरतात. बचत गटांची नोंद ग्रामीण उपजीविका अभियानाकडे असते, त्यामुळे जत्रेतले स्टॉल किंवा खाद्यपदार्थांचे प्रशिक्षण अशा गोष्टी त्यांनी त्या वाटेने मागणे सोपे जाते.

देवस्थानांचे वेगळे. गोव्यातली महाजनांची, म्हणजे देवळाच्या परंपरागत हक्कदार घराण्यांची, देवळे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या माझानी (देवस्थान) नियमांखाली येतात आणि तालुक्याचा मामलेदार त्यांचा प्रशासक असतो. देवळाच्या आवारात काही बांधायचे असेल तर देवस्थान समितीचा ठराव तर हवाच, आणि मामलेदार कार्यालयात आधी विचारून घेतलेले बरे. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या असतील तर तो निधीचा विषय नाही. त्यासाठी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते.

वेळ कोणती

गोव्यात पंचायती १९१ आहेत आणि सगळ्यांना गोवा पंचायत राज कायदा, १९९४ लागू आहे. नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी होतात. खास ग्रामसभा २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मुक्तिदिन म्हणजे १९ डिसेंबर यांना धरून. सगळ्या सभा सारख्या मोलाच्या नसतात. माझे मत विचाराल तर ऑक्टोबरची सभा चुकवू नये. २ ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करण्याची मोहीम सुरू होते आणि तो आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. वित्त आयोगाचा पैसा त्या आराखड्यातल्या कामांवरच खर्च होतो. जानेवारीत उठून मोठ्या आवाजात मागणी करणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण आराखड्यात काम घालून घेतले असते ते ऑक्टोबरमध्ये मागच्या बाकावरून कागद पुढे सरकवणाऱ्याने.

विषय लेखी द्या, नोटिशीत सांगितलेल्या मुदतीआधी द्या आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या. ऐनवेळचा विषय म्हणून मांडलेला ठराव इतिवृत्तात कधीकधी एका ओळीत आटोपतो. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: कामाची जागा सर्व्हे क्रमांकासह, काम नेमके काय, आणि खर्च कोणत्या निधीतून करावा. कायद्याला धरून असलेला ग्रामसभेचा निर्णय पंचायत मंडळावर बंधनकारक असतो. पण त्यात निधीचा उल्लेख नसला की 'निधी उपलब्ध होताच' ही सोयीची ओळ जोडली जाते आणि त्या ओळीचे वय कोणी मोजत नाही.

कागदपत्रे : खरी अडचण जमिनीची

संस्थेचे कागद गोळा करणे सोपे आहे. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, चालू कार्यकारिणीची यादी, अर्ज करण्याचा ठराव, संस्थेच्या नावाचे पॅन, संस्थेच्याच नावाचे बँक खाते, मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, झालेल्या कार्यक्रमांचे फोटो आणि कात्रणे. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात पैसे येतील ही आशा सोडा. खर्चाचा अंदाज देताना 'मंडप व इतर, एक लाख' असे लिहू नका. मंडप, ध्वनिव्यवस्था, जेवण, कलाकारांचे मानधन हे वेगवेगळे दाखवा आणि मोठ्या बाबींना दरपत्रके जोडा.

बांधकाम असेल तर खरा खेळ सुरू होतो. सर्वात आधी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बारा म्हणा) आणि सर्व्हे नकाशा काढा. शहरी भागात फॉर्म डी. उतारा हातात आला की कळते, जी जागा गावाची म्हणून आपण तिथे लहानपणापासून क्रिकेट खेळलो ती कागदावर कोमुनिदादची, म्हणजे गावच्या मूळ गावकार घराण्यांच्या सामायिक जमीन-संस्थेची आहे, नाहीतर कोणा भाटकाराच्या (जमीनदाराच्या) मेलेल्या आजोबांच्या नावावर. त्यांचे सात वारस, पैकी तीन पोर्तुगालात, एक लंडनला आणि बाकीच्यांचे एकमेकांशी बोलणे नाही. जागा कोमुनिदादची असेल तर कोमुनिदादच्या संहितेप्रमाणे गावकारांच्या सभेची आणि प्रशासकांची वाट धरावी लागते. खाजगी असेल तर सर्व सहमालकांचा लेखी ना हरकत दाखला हवा. कायमचे बांधकाम असेल तर जागा पंचायतीच्या नावे नोंदणीकृत करून देणे उत्तम. तोंडी "बांदात मरे" (बांधा की हो) यावर सरकारी पैसा लागत नाही, आणि ते बरोबरच आहे. उद्या मुलग्याने कुंपण घातले तर शौचालय कोणाचे?

धबधबे बहुधा वनक्षेत्रात असतात, तिथे वन खात्याशिवाय दगडही हलत नाही. किनाऱ्यावर किनारी क्षेत्र प्राधिकरण. हरवळेच्या लेण्यांसारख्या संरक्षित स्मारकाजवळ साधा माहितीफलक लावायचा असला तरी पुरातत्त्व खात्याला विचारावे. म्हणून पहिला प्रस्ताव निवडताना मी तरी पंचायतीच्या स्वतःच्या जागेतला निवडीन. छोटा असला तरी चालेल, तो पुरा होतो.

जागा ठरली की पंचायतीमार्फत अभियंत्याकडून अंदाजपत्रक घ्यायचे, मग पंचायत मंडळाचा ठराव, रकमेप्रमाणे गटविकास अधिकारी किंवा पंचायत संचालनालयाची मंजुरी, निविदा आणि कार्यादेश. फाईल कुठे आहे ते दर पंधरा दिवसांनी विचारावे, फोनवर नव्हे तर तिथे जाऊन. शेरा वाचता आला तर अर्धे काम झाले. निवडणुकीचेही गणित ठेवा. विधानसभेची निवडणूक फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली होती आणि बहुतेक पंचायतींची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२७ मध्ये दोन्हींची पाळी येते. आचारसंहिता लागली की प्रत्यक्ष सुरू झालेली कामे चालू राहतात, नुसती मंजूर झालेली अडकून पडतात.

कार्यक्रम असेल तर निधीबरोबर परवान्यांचीही धावपळ असते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून ठरावीक दिवस, जास्तीत जास्त १५, सरकार सण-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. आपली जत्रा त्या दिवसांत बसते का ते आधी बघा, कारण आपल्याकडे दशावतारी नाटक दहाला सुरूही झालेले नसते.

पैसे मिळाल्यावरचा एक कागद बहुतेक मंडळे विसरतात, विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. बिले, पावत्या, फोटो आणि लेखापालाच्या सहीसह ते दिलेल्या मुदतीत सादर करा. ते थकले की पुढच्या वर्षीचा अर्ज टेबलावर उघडला जात नाही. आणि काहीच कळत नसेल, ठराव होऊनही सगळे गप्प असतील, तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. त्यात "काम का झाले नाही" असे विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहून त्यावर झालेल्या पत्रव्यवहाराच्या आणि फाईलवरील शेऱ्यांच्या प्रती मागा.